अशुभ सुचण्याची नोकरी

दिवाळी अंकांतून लेखकांच्या मुलाखती येतात. त्यात हटकून एक प्रश्न असतो, तुम्हाला सुचतं कसं? मग कोणी नदीकाठी फिरायला जातो म्हणून सांगतं, कोणी पहाटे उठतं. मीही आयुष्यभर लिहूनच पोट भरलं, पण मला हा प्रश्न कोणी विचारला नाही. म्हणून आज न विचारताच सांगते.

मी जे लिहायचे ते वाचणारं कोणी नव्हतं. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन गावाजवळच्या एका कंपनीत खिडक्यांच्या शटरसाठी मोटारी बनायच्या, आणि त्या मोटारीच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते तिच्यातल्या इशाऱ्यांचं काम माझ्याकडे होतं. जर्मनीत घराच्या प्रत्येक खिडकीला आणि बाल्कनीच्या दाराला बाहेरून पट्ट्यापट्ट्यांचं शटर असतं, आपल्याकडे दुकानाला असतं तसंच. तिथले लोक त्याला रोललाडेन म्हणतात. संध्याकाळ झाली की ते खाली घ्यायचं आणि आत बसायचं, अशी तिथली रीत. पूर्वी पट्टा ओढून घेत, आता मोटार असते. तिथला कायदा असा, की ग्राहक वस्तू नीट कशी वापरेल एवढंच सांगून कंपनीची सुटका नाही. तो ती चुकीची कशी वापरेल, हेही आधी ओळखायचं आणि तसं करू नका म्हणून लिहायचं. म्हणजे माणसांना काय काय होऊ शकेल याच्या नव्या कल्पना काढायच्या, हीच माझी नोकरी.

माझ्या सासूबाईंनी हे एका वाक्यात बसवलं होतं. इस्लामपूरला त्यांच्या धाकट्या जावेला फोनवर त्या सांगत होत्या, की आमची नीला दिवसभर अभद्र विचार करते आणि तिकडची माणसं तिला त्याचा पगार देतात. मी शेजारी पोळ्या लाटत होते. राग यायला हवा होता, पण खोडून काढायला काही सापडेना.

हे काम मला शिकवलं हेर वेंडलर यांनी; हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत. उंच, वाकलेले, कायम एकच तपकिरी कोट. पुस्तिकेतली चित्रंही तेच काढत. मला ते फ्राऊ, म्हणजे श्रीमती, योगलेकर म्हणायचे, कारण तिकडे 'ज'चा 'य' होतो. मीही दुरुस्त केलं नाही, जोगळेकर तरी माझं माहेरचं कुठे होतं. दर गुरुवारी जेवणानंतर आम्ही दोघं चाचणीच्या खोलीत जायचो. त्या खोलीत भिंतीत बसवलेली एकच खिडकी होती आणि तिच्या पलीकडे परत भिंतच. शटर वर जायचं, विटा दिसायच्या, शटर खाली यायचं. त्याच्यासमोर खुर्च्या टाकून आम्ही बसायचो आणि अपघात सुचायची वाट बघायचो.

वेंडलरांचा नियम असा, की नुसता 'ग्राहक' म्हणायचं नाही. त्याला नाव द्यायचं. त्याच्या अंगात काय आहे ते ठरवायचं. आणि त्याला घाई कशाची आहे ते ठरवायचं. "घाई नसलेल्या माणसाला काही होत नाही," ते म्हणायचे. "आणि नाव नसलेल्या माणसाला काही झालं तर आपल्याला काही वाटत नाही." पुस्तिकेत यातलं काहीच जायचं नाही. तिथे फक्त एक ओळ, शटरला अमुक बांधू नका. पण ती ओळ सुचायला मागे एक सबंध माणूस उभा करावा लागायचा.

सुरुवातीला मला गंमत वाटली. मग एकदा एक फोन आला.

ग्राहकसेवेच्या मुली विचित्र फोन माझ्याकडे ढकलायच्या. तो एका म्हाताऱ्या माणसाचा होता, डोंगराकडच्या कुठल्याशा खेड्यातून. सावकाश बोलत होता. अमुक पानावर तुम्ही लिहिलंय की कुत्र्याची साखळी शटरच्या खालच्या पट्टीला बांधू नका, ते कोणी लिहिलं? मी म्हटलं, मी. तर म्हणाला, मी तसंच केलं. कुत्र्याला फिरवून आणलं, बागेच्या दाराचं शटर अर्धवट खाली होतं, त्याला साखळी जरा अडकवली आणि वाकून आत गेलो. मोटारीला घड्याळ लावलेलं होतं, शटरची वर जायची वेळ झाली. कुत्रं लहान होतं.

मी वाईट वाटलं वगैरे म्हणाले. तो म्हणाला, पुस्तक मी नंतर वाचलं. मग म्हणाला, मी आत गेलो कारण फोन वाजत होता.

 ती ओळ सुचली तेव्हा मी उभा केलेला माणूस म्हातारा होता, अंगात हिरवं स्वेटर होतं आणि त्याला घाई होती ती फोन वाजतोय म्हणून. हे फक्त मला आणि वेंडलरांना माहीत होतं. पुस्तिकेत फोनचं नावही नव्हतं.

"मी घेतला तर पलीकडे कोणी बोलेना," तो म्हणाला. "तो फोन तुम्ही केला होतात का?"

मी नाही म्हटलं. त्यानं आभार मानले आणि ठेवून दिला. स्वेटरचं विचारायचं माझं धाडस झालं नाही.

वेंडलरांना सांगितलं, तर त्यांनी शटर एकदा वर नेलं आणि खाली आणलं. मग म्हणाले, जगात म्हातारे पुष्कळ आहेत, कुत्री पुष्कळ आहेत आणि फोन सगळ्यांकडे वाजतो. आपण खरं लिहिलं की त्यात कोणीतरी राहत असणारच. आपल्या धंद्यात एवढंच वाईट, की ज्याला लागलं तो फोन करतो. जो वाचला त्याला आपण वाचलो हेच कळत नाही, त्यामुळे तो फोन करत नाही. मला ते पटलं. पण घरी कोणाचा फोन येऊन नुसतीच शांतता ऐकू आली, की मी तो पटकन ठेवून द्यायचे, आजही देते.

सासरे गेले त्या वर्षी सासूबाई आमच्याकडे आल्या. तीन महिन्यांचा व्हिसा होता, सप्टेंबरात आल्या. नवरा, अरुण, गाड्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरचं बघायचा. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडलो की आई, म्हणजे सासूबाई, घरी एकट्या. पहिल्याच संध्याकाळी त्या बाल्कनीत उभ्या होत्या. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, समोर सरळ रस्ता आणि दोन्हीकडे घरं. अंधारायला लागलं आणि समोरच्या घराचं शटर खडखडत खाली आलं. मग त्याच्या शेजारचं, मग पलीकडचं. पाहता पाहता सगळा रस्ता बंद झाला आणि कुठे माणसाची चाहूल राहिली नाही. आई आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, सगळ्या आळीनं दारं लावली. कोण गेलं?"

कोणी गेलं नाही आई, इथे रोजच असं असतं, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. तिन्हीसांजेला लक्ष्मी यायची वेळ, तेव्हा दार उघडं ठेवायचं, दिवा लावायचा. आणि ही माणसं नेमकी त्याच वेळी डोळे मिटून घेतात, म्हणे. आमच्या बाल्कनीत तुळशीची कुंडी होती. आई रोज अंधार पडायला लागला की अंगावर करडी शाल घेत, पदर डोक्यावरून ओढत आणि निरांजन तळहातावर धरून, दुसऱ्या हातानं वारा अडवत बाहेर जात. थंडी वाढली तशी मी तुळस आत घेतली. पण दिवा त्या बाहेरच लावायच्या, कुंडीच्या रिकाम्या जागेपुढे. म्हणायच्या, जागा तिचीच आहे ना?

इकडे ऑफिसात माझी विहीर आटली होती. कंपनीनं नवी मोटार काढली होती, तिला घड्याळ नव्हतं. बाहेर लावलेला एक डोळा अंधार ओळखायचा आणि शटर आपलं आपण खाली यायचं. वेंडलरांना तिच्यासाठी नवे इशारे हवे होते. मी जुनेच नावं बदलून द्यायला लागले, तर ते म्हणाले, असं बघा, फ्राऊ योगलेकर, हा माणूस आपण मागेच मारलेला आहे. गुरुवारमागून गुरुवार गेले. शटर वर, विटा, शटर खाली. काही सुचेना. नोव्हेंबरात अंधार पडताना बाहेर असतंच कोण? वेंडलर म्हणाले, शहाणा माणूस तर नाहीच.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बसले होते. आई दिवा लावून आत आल्या, हात गारठले म्हणून चोळत होत्या. आणि मला सुचलं. इतक्या दिवसांनी सुचल्याचा आनंद एवढा, की मी अरुणला मोठ्यानं सांगून टाकलं, समजा कोणी दिवा लावायला बाल्कनीत गेलं, दार मागे उघडंच आहे, आणि शटर खाली आलं तर? बाहेरून उघडता येत नाही. तिसरा मजला. समोरची सगळी घरं बंद. हाका मारल्या तरी ऐकणार कोण?

अरुणनं माझ्याकडे रोखून पाहिलं. आईंचे हात चोळायचे थांबले.

"नीला," त्या म्हणाल्या, "तिन्हीसांजा झाल्यात. वास्तू तथास्तु म्हणत असते."

लहानपणापासून ऐकलेलं होतं, घराला कान असतात आणि तिन्हीसांजेला बोललेलं ते खरं करतं. आमच्या घरी तर शुभ बोल नाऱ्या म्हणून रोज कोणी ना कोणी कोणाला दटावायचं. मी हसून म्हटलं, आई, माझं कामच आहे ते. त्या म्हणाल्या, काम ऑफिसात. आणि आत निघून गेल्या.

पण हसू माझ्या ओठांवरच विरलं. कारण वेंडलरांच्या नियमातलं काही ठरवायची मला गरजच पडली नव्हती. माणसाला नाव होतं, अंगावर शाल होती, वात विझायच्या आत पोचायची घाई होती. या वेळी मी कोणी उभं केलं नव्हतं. घरातलंच माणूस नेऊन तिथे ठेवलं होतं.

त्या गुरुवारी मी वेंडलरांना सांगितलं नाही. तोंडाशी आलेलं गिळलं. लिहावं तर आईंना काहीतरी होईल आणि न लिहावं तर दुसऱ्या कोणाची तरी आई बाहेर राहील, असं माझं चाललं होतं. शिकलेली बाई मी, पण हिरव्या स्वेटरचा माणूस डोळ्यांपुढून जाईना. काही लिहिलं नाही म्हणजे काही होणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

नव्या मोटारी आधी कर्मचाऱ्यांच्या घरी लावून बघायची कंपनीची पद्धत होती. आमच्या बाल्कनीला ती बसली. मी घरी असेन तेव्हाच ती चालू ठेवायची. सकाळी निघताना तिचं बटण मी बंद करायचे, आल्यावर चालू करायचे. आईंनाही दाखवून ठेवलं होतं, पण त्या त्या बटणाला हात लावत नसत. विजेची वस्तू, नको म्हणायच्या.

तो दिवस धुक्याचा होता. दुपारची जेवणं झाली तरी ऑफिसात दिवे लावलेले होते. मग आणखी दाटलं. मला डोकं दुखत होतं म्हणून मी लवकर निघाले. आगगाडीत खिडकीशी बसले. बाहेर धुकं, त्यात अधूनमधून घरं यायची, आणि दुपारच असून एकेका घराचं शटर खाली येत होतं. माणसानं घेतल्यासारखं झटक्यात नव्हे, सावकाश, मोटारीनं येतं तसं. आमच्यासारखे डोळे दुसऱ्या कंपन्यांनीही विकले होते, म्हणून मला आधी वाटलं, बरं झालं दिसलं, डोळा फसतोय, हे वेंडलरांना सांगायला हवं. धुक्याला तो संध्याकाळ समजतोय.

आणि मग लक्षात आलं, की आईही समजतील. त्यांनाही घड्याळ लागत नव्हतं. अंधारलं की त्या उठायच्या. मोटारीची तिन्हीसांज आणि आईंची तिन्हीसांज एकच होती, एकाच क्षणाला होणार होती.

मी मोबाइलवरून घरी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. आणि मधेच मला वाटलं, त्या बाहेर असतील आणि आत फोन वाजतोय म्हणून घाईनं उठतील, पडतील. घाई नसलेल्या माणसाला काही होत नाही. मी फोन ठेवून दिला आणि उरलेला रस्ता हात मांडीखाली दाबून बसले. बटण मी सकाळी बंद केलं होतं, हे मला स्पष्ट आठवत होतं. बोट ठेवल्याचं, बटणावरचा बारीक दिवा गेल्याचं, सगळं.

घराचं कुलूप उघडलं तर आत काळोख. आई, म्हणून हाक मारली, ओ आली नाही. बाहेरच्या खोलीत आले. शटर खाली आलेलं होतं. अगदी पूर्ण नाही. जमिनीपासून वीतभर वर ते अडलं होतं आणि त्या फटीतून दिव्याचा उजेड आत येऊन फरशीवर पडला होता. त्या उजेडात एक हात होता. कोपरापर्यंत आत आलेला, पालथा. बोटं फरशीवर हळूहळू फिरत होती, काही शोधत असल्यासारखी.

मी खाली वाकले. मग हातातल्या बांगड्या ओळखल्या.

"आलीस?" बाहेरून आवाज आला. "दार लोटू नकोस गं. ऊब येते आतली."

वर घ्यायचं बटण दाबलं, शटर वर गेलं. आई उंबऱ्याशी शाल लपेटून बसल्या होत्या, फटीला अगदी चिकटून, खोलीतली गरम हवा अंगावर घेत. दिवा मांडीशी. ओठ निळे पडले होते, पण शुद्धीवर होत्या. आणि शटर जिथे अडलं होतं तिथे उंबऱ्यावर आमचा जेवायचा लाकडी पाट होता, कडेवर उभा केलेला. तो नसता तर शटर पार टेकलं असतं, आत काही दिसलं नसतं, आणि मी त्यांना आधी सगळ्या घरात शोधत बसले असते. बाहेर गोठायला किती वेळ लागतो हे मला कामामुळे चांगलं माहीत होतं.

त्यांना पांघरुणात घातलं, आल्याचा चहा पाजला. अरुणही आला. आईंच्या हाताला रंग आल्यावर माझा धीर सुटला आणि मी रडायला लागले. म्हटलं, आई, माझ्यामुळे झालं. तुम्ही म्हणाला होतात, घर ऐकतं. मी बोलायला नको होतं.

"ऐकलं की घरानं," आई म्हणाल्या. "पण मी पण ऐकलंच ना. तू बोललीस त्या दिवसापासून रोज पाट ठेवून जाते मी."

 त्या चहा पीत होत्या. इतकी वर्षं मी इशारे लिहिले, किती भाषांत ते छापले गेले, आणि त्यांच्यामुळे वाचलो असं तोंडानं सांगणारं हे एकच माणूस मला भेटलं. तेही मी न लिहिलेल्या इशाऱ्यावर.

बटणाचा घोळ काही सुटला नाही. अरुण म्हणतो, तू बंद करायला विसरलीस. वेंडलरांनी मोटार उतरवून नेली, सगळी खोलून बघितली, तिच्यात दोष निघाला नाही. मी आजही शपथेवर सांगेन की ते बंद होतं.

पुढच्या गुरुवारी मी वेंडलरांना सगळं सांगितलं. त्यांनी मोटारवाल्यांशी भांडून एक गोष्ट करून घेतली, की काही आड आलं तर शटर नुसतं थांबायचं नाही, परत वर जायचं. मग कागद घेऊन चित्र काढायला बसले. अंगावर काय होतं? शाल, मी म्हटलं, आणि डोक्यावरून पदर. हातात दिवा, दुसरा हात असा. त्यांनी नेमकं तसं काढलं, मागे खाली आलेलं शटर. मग नेहमीप्रमाणे विचारलं, नाव? मी विटांकडे बघितलं. त्यांनी वर पाहिलं, म्हणाले, गेनाऊ, म्हणजे बरोबर, आणि परत विचारलं नाही. वरच्या साहेबांना वाटलं मेणबत्ती घेतलेली कोणी म्हातारी जर्मन बाई आहे.

छापलेली पुस्तिका मी पुढच्या सुट्टीत इस्लामपूरला नेली. आईंनी चष्मा लावून ते एवढंसं चित्र पाहिलं. ही मी, म्हणाल्या. मला वाटलं खूश होतील. त्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "पण मला बाहेरच ठेवलीस की गं."

आता छापून झालंय आई, असं मी हसत म्हटलं. त्यांनी पुस्तिका मिटून ट्रंकेत ठेवली.

दोन हिवाळ्यांनंतर त्या गेल्या, इस्लामपूरलाच, झोपेत, कोणाला त्रास न देता. दिवसकार्य करून आम्ही परतलो. कंपनीतून मी निवृत्त झाले, वेंडलर त्याआधीच गेले होते. ती मोटार मात्र चांगली खपली. हजारो घरांत असेल. त्या प्रत्येक घरात, कुठल्याशा ड्रॉवरच्या तळाशी, शाल लपेटून हातात दिवा घेतलेली एक बाई आहे आणि तिच्या मागे शटर खाली आलेलं आहे. तिला आत घ्यायची ओळ मला सुचली नाही. सुचायला हवी होती, माझं कामच होतं ते.

आमच्या बाल्कनीला परत जुनं, पट्ट्यानं ओढायचं शटर आहे. रोज संध्याकाळी अरुण ते खाली घेतो आणि रोज ते वीतभर वर अडतं, कारण उंबऱ्यावर मी पाट ठेवलेला असतो. गार वारा येतो, तो कुरकुरतो, आता कशाला म्हणून विचारतो.

"असू दे," मी म्हणते. "आई बाहेर आहेत."